बोटीवर माय खोकली

ज्यांना क्षय झाला आहे आणि ज्यांनी तो अजून घरी सांगितलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. फक्त वाचून झाल्यावर "अरेरे" म्हणू नये. अरेरे म्हणणाऱ्यांपैकी एकानेही मला दीड वर्षात पेलाभर पाणी दिलेलं नाही.

औषधांची नावं लिहिणार नाही. ती डॉक्टर सांगतात, आणि सांगितली की निमूट घ्यायची. कडू असतात. काही तर इतकी घाण असतात की कपाशीवरचं औषध बरं वाटावं. घ्या. माझा मुद्दा दुसरा आहे. मी आणि माझी म्हातारी माय एका बोटीवर एक अख्खा दिवस होतो, आणि त्या दिवशी मी कसा वागलो ते मला सांगायचं आहे.

डॉक्टर कुजबुजला

निदान अकोल्याला झालं. डॉक्टरने छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाला, "थोडी छाया दिसते."

छाया! जशी काही कडुनिंबाची. मी म्हटलं, "क्षय आहे का?" तर या गृहस्थाने आधी दाराकडे पाहिलं. खोलीत आम्ही दोघंच होतो, तरी तो कुजबुजला, "तसंच समजा." पदवीचा कागद काचेत घालून भिंतीला टांगलेला आणि रोगाचं नाव घ्यायची छाती नाही. मला त्याची किळस आली.

आता माझं ऐका. त्या वेळी माझ्या पिशवीत कारंजाच्या छापखान्यातून आणलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. आमच्या तरुण मंडळाची पत्रकं मीच लिहीत असे. विहिरी सगळ्यांना खुल्या करा, देवीची लस टोचून घ्या, हुंडा घेणाऱ्याच्या पंगतीला बसू नका. या गठ्ठ्यावर मथळा होता: "रोग लपविणारे समाजाचे शत्रू!!!" उद्गारचिन्हं तीन होती. छापखानेवाल्याकडे तीनच उरली होती, नाही तर मी पाच घातली असती.

जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीतून उतरलो, तीन मैल चालत घरी आलो. माय अंगणात तूर पाखडत होती.

"काय म्हने डाक्टर?"

"अशक्तपणा आहे म्हणतो. दूध प्या म्हणतो."

पिशवी खुंटीला अडकवली आणि दूध प्यायलो. डॉक्टर निदान कुजबुजला तरी होता. मी तेवढंही केलं नाही.

तीन महिने

बाप मी लहान असतानाच गेला होता. घरात मोठा भाऊ, वहिनी, त्यांचं वर्षाचं पोर, माय आणि मी. माय आणि मी एकाच खोलीत झोपत होतो, कारण दुसऱ्या खोलीत कापूस होता.

भूक गेली होती. अर्धी भाकर खाऊन मी उठायचो, आणि उरलेली अर्धी, कोरड्यासात भिजलेली, माझ्याच ताटात माय खायची. आमच्याकडे हे कोणाच्या डोळ्यावरही येत नाही. पोराच्या ताटात अन्न उरलेलं असताना जी बाई आपल्यासाठी वेगळं ताट घेईल, तिला लोक उधळी म्हणतील. अन्न टाकायचं नाही, एवढंच मायला ठाऊक. मी हात धुताना ते रोज पाहत होतो. "माय, खाऊ नको" एवढं म्हणायला काही छापखाना लागत नाही. पण म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, काहून? त्या काहूनला मी भीत होतो.

त्या तीन महिन्यांत मी दोन नवी पत्रकं लिहिली.

मग मंगरूळपीरच्या सभेत मी बोलता बोलता खोकलो आणि रुमाल लाल झाला. पहिल्या रांगेने ते पाहिलं. टाळ्या वाजवणारे लोक इतक्या चपळाईने पांगताना मी आधी कधी पाहिले नव्हते. मंडळाचा अध्यक्ष सभेनंतर माझ्याशी बोलला, पण बैलगाडीच्या पलीकडून.

झोपडी

गावात बातमी माझ्या आधी पोचली. भावाने एका दिवसात मळ्यात झोपडी उभी केली. एरवी हा माणूस गोठ्याची एक बल्ली बदलायला पावसाळा घालवतो.

"लहान लेकरू हाय घरात," तो म्हणाला. "तू शिकलेला हायस. तुलेच समजते."

समजत होतं. तो बरोबर बोलत होता, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

मायने आपली वाकळ गुंडाळली आणि माझ्या मागून मळ्यात आली. भाऊ म्हणाला, "तू कायले चालली वो?" ती म्हणाली, "लेकरू लहान हाय ना? हे बी माह्यं लेकरूच हाय."

भेटायला माणसं यायची ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून ओरडायची, "कसा हायस बे?" जणू मी नदीपलीकडे आहे. प्रत्येकाजवळ एक औषध. एकाने गाढविणीचं दूध सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं, लगन करून टाक, उष्णता निघून जाते. निघून ती कोणत्या मुलीच्या छातीत जाते, ते त्याने सांगितलं नाही.

जवळपासच्या कुठल्याच दवाखान्यात खाट नव्हती. शेवटी एका जुन्या सोबत्याने खटपट करून कोकणच्या किनाऱ्यावरच्या एका क्षय-रुग्णालयातून पत्र आणवलं. खाट रिकामी आहे, गुरुवारी सायंकाळी सहापर्यंत हजर व्हावं, न आल्यास खाट यादीतल्या पुढच्या नावाला दिली जाईल. ते पुढचं नावही कोणाचं तरी पोर असणार. पण तेव्हा माझ्या मनात त्याच्याबद्दल फक्त वैर होतं.

भाऊ वेचणीमुळे येऊ शकत नव्हता. माय निघाली. वय साठीच्या पुढे, आयुष्यात अकोल्याच्या पलीकडे गेलेली नाही.

धक्का

मुंबईहून बोट गुरुवारी सकाळी सुटली. मायने समुद्र पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं हात जोडेल. तिने शेजारच्या बाईला विचारलं, "हे पानी गोड हाय का?" बाई म्हणाली, खारट. मग मायने सगळ्या समुद्राकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "एवढं पानी, आन् माट भरासाठी एक घागर नाई! कोन्या शहान्यानं केलं हे?"

बोटीवर चढायच्या शिडीशी पाटी होती: सांसर्गिक रोग असलेल्या उतारूस घेतले जाणार नाही. मी ती वाचली. मायला वाचता येत नाही. तिने विचारलं, काय लिवलं हाय. मी म्हटलं, "सांभाळून चढा."

डेकवर ज्याने आधी चटई टाकली त्याची जागा. आमच्या शेजारी एक पेन्शनर मास्तर, काळी टोपी, पानाचा डबा, बायको आणि नातवंडं. मोठा प्रेमळ माणूस. कुठून आलात, शेती किती, सगळं विचारलं. "वऱ्हाडातली माणसं साधी असतात हो," असं त्याने बायकोला सांगितलं, बैलाचे दात पाहून सांगावं तसं.

दहाच्या सुमाराला बोट हेलकावे खायला लागली. अर्धा डेक ओकत होता. मला खोकल्याची उबळ आली आणि काही केल्या थांबेना. रुमाल मी मुठीत दाबून धरला. उबळ संपून मान वर केली तर भोवती वीतभर जागा मोकळी झाली होती, आणि सगळ्या माना आमच्याकडे वळलेल्या.

"हा साधा खोकला नव्हे," मास्तर म्हणाला. "मी ओळखतो." आणि त्याने हाक मारून बोटीच्या कारकुनाला आणलं.

कारकून हातात याद्या घेऊन उभा राहिला. "कोणाला आहे? खरं सांगा. पुढच्या बंदरात उतरवून देईन."

पुढच्या बंदरात उतरलो असतो तर दुसरी बोट मिळेपर्यंत गुरुवार उलटला असता. खाट गेली. आणि तेव्हाच्या माझ्या तब्येतीत खाट गेली म्हणजे काय, हे मला समजत होतं. मायलाही.

"मले हाय खोकला," माय म्हणाली.

"मग हा कोण खोकत होता?"

"त्याले पान्याचा ठसका लागला. खोकला मले हाय." आणि ती खोकली. पदर तोंडाशी धरून, कमरेत वाकून, अशी खोकली की कारकून दोन पावलं मागे सरकला.

"म्हातारीला उतरवून काय करणार," तो स्वतःशीच पुटपुटला. मग मोठ्याने म्हणाला, "आजी, ऊठ. मागे कोंबड्यांच्या खुराड्यांपाशी बस. इकडे यायचं नाही."

मायने गाठोडं उचललं. मी अर्धा उठलो. "माय..."

"बस म्हनलं ना."

मी बसलो.

श्रावणबाळ

त्यानंतर सात तास मी मधल्या जागेत, सावलीत, चटईवर बसून होतो. माय मागे धुराड्याखाली. कोळशाचा धूर वाऱ्याने नेमका तिच्यावर उतरत होता.

मास्तरचं माझ्यावरचं प्रेम आता उतू गेलं. "म्हाताऱ्या आईला घेऊन एवढा लांब दवाखान्यात निघालास! आजकालची मुलं करतात का हो?" त्याने बायकोला विचारलं. "अगदी श्रावणबाळ!" त्याने डबा उघडून माझ्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

मी तो खाल्ला.

हा जंतूंना भिणारा माणूस दर थोड्या वेळाने कठड्याशी जाऊन पानाची पिंक टाकत होता. एकदा वाऱ्याने ती परत आणली आणि एका व्यापाऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसवली. व्यापाऱ्याने धोतराच्या टोकाने पुसली, दोघं हसले. थुंकी ओळखीची असली की चालते. एरवी मी यावर तासभर बोललो असतो. हातवारे करून. त्या दिवशी मीही हसलो.

दुपारी भाकर घेऊन मागे गेलो. मायचं तोंड काळवंडलं होतं. कोंबड्या तिच्या लुगड्याचा काठ टोचत होत्या.

"इथी कायले आला? जाय. तो टोपीवाला पाहून राह्यला."

"माय, मी सांगतो त्यांना."

"सांग. तुले उतरवतीन, मले बी उतरवतीन. मंग? तथी ओयखीचं कोन हाय आपल्या? ह्या कोंबड्या?"

"पण तू इथं..."

"माह्यं काय जाते? बसूनच तं हाय. अकोल्याच्या गाडीत याच्याहून जास्त धूर राह्यते." आणि ती परत खोकली, कारण कारकून जवळून चालला होता. मला वाटलं, काय बेमालूम सोंग आणते माझी माय. खरं सांगतो, मला कौतुक वाटलं.

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी बोललो असतो तर खाट गेली असती. आजपर्यंत मी ज्याला ज्याला हे सांगितलं तो हेच म्हणाला, तुझा इलाज नव्हता. त्यांना लाडवाचं ठाऊक नाही. मी परत जाऊन बसलो तो खाटेसाठी बसलो असेन, पण मास्तर सरकून जागा देत होता, मला पाणी विचारत होता, कितीतरी महिन्यांनी कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. ते मला सोडवत नव्हतं.

पडाव

आमच्या बंदरात बोट धक्क्याला लागत नव्हती. ती बाहेर उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव येऊन माणसं न्यायचे. ऊन अजून होतं. पाच वाजून गेले होते. खालच्या पडावाच्या तांडेलाला कारकुनाने वरून ओरडून सांगितलं, "ती मागची म्हातारी शेवटच्या खेपेला. खोकल्याची आहे."

"तू चल रे," मास्तर मला म्हणाला. "तिला आणतील मागून."

मागून, खुराड्यांच्या आडून, मायने मला हात केला. जाय. जाय ना.

माझा एक पाय शिडीवर होता. सहापर्यंत पोचणं मला भाग होतं, तिला नव्हतं; सगळं पुन्हा अगदी बरोबर जमत होतं. मी खाली पडावाकडे पाहिलं, आणि मला दिसलं की मी एकटा उतरलो तर किनाऱ्यावर मागे वळूनही पाहणार नाही. मी आधी रुग्णालयात जाईन. हे दिसलं तेव्हा मी ओरडलो.

"क्षय मला आहे. मला. हिला काही नाही!"

सभेतला आवाज होता. सगळ्या डेकने ऐकला. मास्तरने लाडू दिलेला हात धोतराला पुसला. कारकुनाने मला शिवी घातली, ती मी लिहीत नाही, योग्य होती.

तांडेल खालून वर पाहत होता. किडकिडीत, लुंगीवाला, कानात विडी. "मग आधी नाय सांगायचं?" तो म्हणाला. "दर बोटीला दोघं-तिघं येतात तुमच्या इस्पितळाचे. ती मागची फळी त्यांचीच हाय. बस तिथं. आयेला पण घे. आणि कोणाला भ्याव वाटत असेल त्यानी शेवटच्या खेपेला यावं, तास लागेल."

कोणालाच तासभर थांबायचं नव्हतं. सगळे उतरले. मास्तरसुद्धा नातवंडांसकट उतरला, फक्त तोंड दुसरीकडे करून बसला. दिवसभराची ती भीती एका तासाच्या खोळंब्याइतकीही नव्हती.

माय माझ्या शेजारी फळीवर बसली, संतापलेली. "एवढंच होतं तं सकाळीच बोलाचं होतं ना! दिवसभर धूर खाल्ला मी, कोंबड्यायनं लुगडं फाडलं." आणि तिला खोकला आला.

"आता कायले खोकलतं, माय? सांगितलं ना मी."

तिने मान हलवली. पदर तोंडावर तसाच. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खोकला थांबत नव्हता. पडावात सोंग कोणासाठी आणायचं होतं?

खाट

पावणेसहाला पोचलो. खाट मिळाली. मी डॉक्टरला म्हटलं, आधी हिला पाहा.

दुसऱ्या दिवशी फोटो काढला. या डॉक्टरने रोगाचं नाव घेतलं, मोठ्याने घेतलं, मायच्या समोर घेतलं. मी विचारलं, माझ्या ताटातलं खाऊन झाला का? तो म्हणाला, "ताटातून की श्वासातून, कोण सांगणार? एका खोलीत झोपत होता, खोकत होता. ताटाचं काय घेऊन बसलात!" मी म्हटलं, माझी खाट तिला द्या. तो म्हणाला, "ती पुरुषांच्या बाजूची आहे. भाषण नको. झोपा."

बायकांच्या बाजूला खाट तीन आठवड्यांनी मिळाली. तोवर माय एका कोळणीच्या पडवीत राहिली आणि रोज सुई घ्यायला चालत यायची. त्या तीन आठवड्यांत मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. ती मरेल आणि मी बरा होईन, याचीच भीती होती. उलटं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

रुग्णालयाचं जगणं सांगण्यासारखं थोडं आहे. पहाटे ताप पाहायचे. दुपारी दोन तास बोलायची मनाई. माझ्यासारख्याला ही शिक्षा सुईपेक्षा मोठी. दोन्ही बाजूंना जाणारी एक परिचारिका होती, तिच्याबरोबर माय निरोप पाठवायची. पहिला निरोप आला तो तब्येतीचा नव्हता. रुग्णांच्या ताटात उरलेलं अन्न तिथे जाळून टाकत. निरोप असा: "त्याले सांगजा, अथी अन्न जायतात हे लोकं. एक शीत ठेवू नको ताटात." मी ठेवलं नाही. त्याने वजन वाढलं, असं डॉक्टर म्हणाला.

सव्वा वर्षाने आम्ही दोघं एकाच आठवड्यात सुटलो. जऊळक्याला भाऊ गाडी घेऊन आला होता. गाडीत पार पुढे, बैलांना चिकटून बसला होता, तरी आला होता.

मायने ऐकलं ते

हे लिहून झाल्यावर मायला वाचून दाखवलं. बोटीच्या भागात मी "त्याग" असा शब्द घातला होता, दोनदा. तिने तिथेच थांबवलं.

"काय लिवतं बावा हे? कायचा त्याग?"

"तू माझ्यासाठी खोटं बोललीस, ते."

"खोटं कधी बोलली मी?" ती निवडत होती ती डाळ तिने बाजूला ठेवली. "घरून निंगाच्या पंधरा दिस आधीपासून रगत पडत होतं मले. धुऱ्याखाली थुकत होती, माती टाकत होती."

मी कागद खाली ठेवला. मग विचारलं, "सांगितलं काहून नाही?"

"तुले सांगतलं असतं तं तू निंगाला असता का?" तिने सूप परत मांडीवर घेतलं. "त्या बोटवाल्यानं इचारलं कोनाले हाय, म्या सांगतलं मले हाय. खोटं काय त्याच्यात? तू उगा बसला होता चूप. ते लिव."